थॉर बाइंडिंग : खंड एक उसवला आणि तीनाचे चार झाले

मंडळी, मार्व्हलच्या 'थॉर' कॉमिकचे वॉल्टर सायमन्सनच्या काळातले अंक, ३३७ ते ३८२, मी घरीच शिवून पुस्तकं करतोय, त्यातला खंड एक उसवलाय. तोच, ३३७ ते ३५३ वाला. पिना काढून, घड्यांना टिश्यू (दुरुस्तीचा पातळ कागद) लावून टीपकागदात वाळत ठेवल्याचे फोटो मागच्या वेळी टाकले होते ना, तो. शिवला, शिकंज्यात ठेवला, बाहेर काढला आणि पट्टी लावली : कण्याकडे ३८ मिमी, समोरच्या कडेला २९. सतरा अंकांच्या पुस्तकाला नऊ मिलिमीटरची फूग, म्हणजे कण्याकडची जास्तीची जाडी! आडवं ठेवून वर पेन्सिल ठेवली तर घरंगळून खाली येते. पुस्तक कसलं, पाचर झाली होती.

फूग येणार हे ठाऊक होतंच. एक अंक म्हणजे एक फर्मा (एकत्र शिवायचा दुमडलेल्या पानांचा गठ्ठा), आणि एका फर्म्याच्या घडीत एक दोरा. सतरा फर्मे म्हणजे कण्यात सतरा दोरे एकावर एक. माझा मेण लावलेला तागाचा दोरा अर्ध्या मिलिमीटरचा. गुणाकार करा, साडेआठ तिथेच झाले. वर टिश्यूची भर. साध्या पुस्तकात हातोडीने कणा ठोकला की दोरा कागदात रुततो आणि बरीचशी फूग जिरते. इथे आतला कागद चाळीस वर्षांचा न्यूजप्रिंट, ठोकला की घडीवर तुटायची भीती. आणि प्रत्येक फर्म्याच्या बाहेर गुळगुळीत कव्हर. ते दबत तर नाहीच, उलट घडीवरची शाई खपली धरून सुटायला लागते. ३४४ च्या कव्हरवर कण्यापाशी पांढरी रेघ दिसायला लागली तेव्हा हातोडी खाली ठेवली.

'कणा गोल कर' असा सल्ला दोघांनी दिला. बरोबर आहे, गोल कण्याला थोडी फूग लागतेच, नाहीतर तो गोल होतच नाही. पण थोडी! नऊ मिलिमीटर गोल करायला गेलं तर मधले अंक इतके पुढे ढकलले जातील की समोरची कड होडीसारखी आत जाईल.

आणि फुगलेल्या कण्याचा खरा त्रास दिसण्यात नाही, उघडण्यात आहे. हा सगळा खटाटोप सायमन्सनच्या मोठ्या चित्रांसाठी चाललाय. स्पार्टा, इलिनॉयच्या छापखान्यातल्या त्या स्वस्त कागदावर या माणसाने सर्टर हा आगीचा दैत्य उभा केला, देवांच्या असगार्डला जाणारा बायफ्रॉस्ट हा इंद्रधनुष्याचा पूल मोडला, न्यूयॉर्कमध्ये सर्टरच्या मुस्पेलहाइमचे राक्षस आणून सोडले. ३५३ मध्ये ओडिन, थॉर आणि लोकी एकत्र सर्टरवर तुटून पडतात. ओडिन असगार्डसाठी, थॉर मिडगार्डसाठी, म्हणजे पृथ्वीसाठी, आणि लोकी उघड उघड स्वतःसाठी. ते पान कण्यात अर्धा इंच बुडालं तर बाइंडिंग केलं कशाला? प्लास्टिकच्या पिशवीतच बरं होतं.

('ओम्निबस, म्हणजे सगळे अंक एकत्र छापलेला जाड ग्रंथ, का घेत नाहीस?' हे परत विचारू नका. २०११ च्या ओम्निबसमध्ये स्टीव्ह ऑलिफने सगळं नव्याने रंगवलंय, काम सफाईदार आहे, वादच नाही. पण मला क्रिस्टी शीलचे जुने ठिपक्याठिपक्यांचे रंग हवेत, 'द हॅमर स्ट्राइक्स' या पत्रांच्या पानावरची वाचकांची भांडणं हवीत, आणि हो, जाहिरातीसुद्धा हव्यात.)

तर उपाय. पहिला विचार पातळ दोऱ्याचा. फूग कमी होते, पण पातळ दोरा न्यूजप्रिंटला सुरीसारखा कापतो. सर्वांत आतल्या पानाची घडीच सगळा ताण घेते आणि तिथेच कागद सर्वांत थकलेला असतो, कारण पिनेचा गंज तिथेच उतरलेला असतो. भोकाभोवती तपकिरी वलय दिसलं की समजायचं, तेवढ्या भागात कागद नाही, बिस्किटाचा चुरा आहे. म्हणून जुन्या पिनांच्या भोकांतून शिवायचं नाही, हा नियम मी आधीपासून पाळतोय. शिवाय पिना सगळ्या अंकांत एका उंचीवर नसतात. त्याच भोकांना धरून बसलात तर अंकांची डोकी वरखाली होतात. पुठ्ठ्याच्या पट्टीवर खुणा करून, व्ही आकाराच्या पाळण्यात अंक उघडा ठेवून, टोच्याने नवी भोकं पाडायची. जुनी भोकं तशीच रिकामी राहू देत.

दुसरा विचार टिश्यू कमी करण्याचा. आतल्या पानाला तो हवाच, त्याशिवाय शिलाई धरणार नाही. पण कव्हरच्या आतल्या बाजूला मी सरसकट पट्टी लावत होतो, ती आता फक्त फाटक्या कव्हरांपुरती ठेवली. बरंचसं निवळलं, पण पुरेसं नाही.

मग एका जुन्या बाइंडरने, वय सत्तरीच्या पुढे, दुकान कधीच बंद केलेलं, चहा पिता पिता विचारलं, 'अहो, प्रत्येक फर्म्यात पूर्ण दोरा कशाला घालताय? दोन-दोन घ्या की.' आणि पेपरच्या घड्या करून तिथेच दाखवलं.

प्रकार असा. दोन अंक एकावर एक घ्यायचे. सुई खालच्या अंकात शिरते, पहिल्या फितीपाशी (कण्यावर आडव्या लावलेल्या कापडी पट्ट्या, दोरा त्यांना धरून राहतो) बाहेर येते, फितीवरून जाऊन वरच्या अंकात शिरते, दुसऱ्या फितीपाशी बाहेर, परत खालच्या अंकात. म्हणजे एका फेरीत दोन अंक बांधले जातात आणि दोघांच्या मिळून कण्यात दोरा एकच. पातळ फर्म्यांची जाड पुस्तकं अशीच शिवायचे म्हणे. तोटा एवढाच की प्रत्येक अंकाच्या वाट्याला अर्धेच टाके येतात. म्हणून फिती तीनच्या पाच केल्या, आणि पहिले दोन व शेवटचे दोन अंक मात्र पूर्ण शिवले, कारण पुस्तक उघडताना सगळी ओढ त्यांच्यावर असते.

दोरा शेवटी पातळच, ०.३५ मिमीचा घेतला. टाके अर्धे असले तरी आतल्या पानाला टिश्यूचा आधार आहे, त्यामुळे कापत नाही. प्रत्येक फेरीनंतर हाडाच्या पट्टीने घडी दाबत गेलो, हातोडीला हात लावला नाही.

चाचणीला ३४९ ते ३५३ एवढेच पाच अंक शिवले. त्यात पूर्ण शिवलेले चार आले, म्हणजे फूग मोजायला फारसा अर्थ नाही, पण उघडतंय कसं ते कळलं. ३५३ मधोमध उघडला, हात काढून घेतला, आणि पानं पडून राहिली. सपाट! या मालिकेची अक्षरं काढणाऱ्या वर्कमनची ती जाड, चौकटी फोडून बाहेर येणारी अक्षरं कण्यापर्यंत वाचता येतायत. जॉन वर्कमनचं नाव या मालिकेच्या कौतुकात नेहमी शेवटी येतं, हे मला पटत नाही. ३३७ पासून कुणीतरी अंधारात ऐरणीवर घण घालतंय, आणि पानाच्या निम्म्या उंचीची 'डूम!' अंकामागून अंक घुमत राहते. त्या अक्षरांशिवाय सर्टरची धास्ती निम्मीच उरली असती.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं ते सांगतो. आत्तापर्यंत तीन खंडांचा बेत होता. पण डूमची इंग्रजी अक्षरं किती? चार. डी, ओ, ओ, एम. चार खंड, चार कणे, प्रत्येक कण्यावर वर्कमनच्या वळणाचं एकेक अक्षर. कपाटात शेजारी शेजारी ठेवले की आवाज पूर्ण! आणि खंड बारीक झाले की फूग आपोआप कमी. म्हणजे आता वाटणी अशी : ३३७ ते ३४८, म्हणजे थॉरचा हातोडा उचलणाऱ्या परग्रहावरच्या बीटा रे बिलपासून दुष्ट मालेकिथची भानगड बऱ्यापैकी उरकेपर्यंत. ३४९ ते ३५९, सर्टरची चढाई आणि नंतरची पडझड. ३६० ते ३६९, हेल या मृतांच्या लोकावरची स्वारी आणि थॉर बेडूक होतो ती कथा. ३७० ते ३८२, शेवटपर्यंत.

सर्टरची कथा दोन खंडांत तुटते, हे मान्य. पण घणाचे घाव पहिल्या खंडात आणि तलवार दुसऱ्यात, हे मला उलट आवडायला लागलंय.

यामुळे ३५६ चा प्रश्न निकालात निघाला. तो मधला भराव अंक, सायमन्सनचा नाही, हर्क्युलिसची गंमत आहे. मी तो बाहेर ठेवणार म्हणून मोठ्या आवेशात लिहिलं होतं. आता दुसरा खंड चौघांत सर्वांत बारीक पडतोय, त्यामुळे हर्क्युलिसला जाडीसाठी आत घेतोय. थॉरचा सोबती बाल्डर, त्याची १९८५-८६ ची चार अंकांची मालिका तिसऱ्या खंडाच्या शेवटी जाईल. लेखन सायमन्सनचंच, चित्रं साल बुसेमाची, आणि मुख्य मालिकेतही पुढे बुसेमाच येतो, तेव्हा डोळ्यांना खटकणार नाही. कथेच्या क्रमाने मध्ये घालावी असं काहींचं म्हणणं आहे. पण मग ३६२ च्या आसपास व्यत्यय येतो, आणि हेलच्या वाटेवरच्या ग्यालरब्रूच्या पुलावर स्कर्ज हा योद्धा दोन्ही हातांत एम-१६ रायफली घेऊन एकटा उभा राहतो त्याच्या आगेमागे मी काहीही येऊ देणार नाही.

सामानाबद्दल थोडं. खळ घरीच शिजवा. बाजारच्या बाइंडिंगच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. वहीला ठीक आहे, पण न्यूजप्रिंटमध्ये आधीच आम्ल, त्यात तांब्याचा क्षार कशाला? गव्हाचा स्टार्च, पाणी, मंद आच, आणि उरलेली खळ फ्रिजमध्ये, दोन दिवसांनी फेकून द्यायची. (फ्रिजमधल्या डब्यावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे ती लापशी समजून गरम केली गेली.) अस्तराला पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद घेतलाय, करड्या रंगाचा, सुंदर वळतो. पुठ्ठ्याचं मात्र जमलेलं नाही. 'आम्लरहित' म्हणून ऑनलाइन मागवलेला पुठ्ठा पीएच पेनने तपासला तर रेघ पिवळी उठली, म्हणजे आम्ल आहेच, आणि दुकानदार म्हणतो पेन खराब असेल. पेनची तीच रेघ टिश्यूवर जांभळी येते, तेव्हा पेन ठीक आहे. तूर्त पुठ्ठ्याच्या आतून पॉलिस्टर फिल्मचा थर घालायचा विचार आहे.

कटिंगबद्दल पुन्हा एकदा : करू नका. कुठलाही बाइंडर आधी 'तिन्ही बाजू साफ करून देतो' म्हणतो. अंकांची उंची एक-दोन मिलिमीटरने कमीजास्त आहे, असू दे. खालची बाजू सरळ लावा, वरची राहू दे खडबडीत. ३८० मध्ये सबंध अंकभर पानाला एकच चित्र आहे, थॉर आणि मिडगार्डचा साप, आणि त्या सापाचं एक वेटोळंसुद्धा मी गिलोटिनखाली देणार नाही.

आता काम असं उरलंय : ३३७ ते ३४८ नव्या पद्धतीने शिवायचे, मग पूर्ण खंडाची फूग मोजून इथे टाकतो. ३ मिमीच्या आत आली तर हलका गोल कणा, नाहीतर सपाट. अक्षरांसाठी कातडं कापून कापडावर बसवायचं की सोनेरी फॉइल, हे ठरत नाहीये. फॉइलवाले चार अक्षरांचे चार ठसे मागतात आणि ओ दोनदा असूनही पैसे चारांचेच लावतात. कातड्याकडे कल आहे. कुणी पातळ बकऱ्याचं कातडं कडेला घासून निमुळतं केलं असेल तर कुठल्या सुरीने, तेवढं सांगा. आणि ३७३ ची वाचायच्या लायकीची, कव्हर फाटलं तरी चालेल अशी प्रत कुणाकडे जास्तीची असेल तर बदल्यात माझ्याकडे ३४१ दोन आहेत.