घटना सँ-मालोत, फाइल रेनला

पाकिटावर फ्रान्समधल्या रेन शहराच्या न्यायालयाचा शिक्का होता, म्हणून दोन दिवस मी ते फोडलंच नाही. रेनमध्ये माझं कोणी नव्हतं, काही कामही नव्हतं. त्याच देशातल्या सँ-मालो गावातल्या एका छोट्या हॉटेलात मी रात्रपाळीला काउंटरवर बसायचो. २०२१च्या नोव्हेंबरात दोघांनी पिस्तूल दाखवून गल्ला नेला, तो तिथूनच. तक्रार सँ-मालोच्या पोलिसांत दिलेली. मग रेन मध्येच कुठून आलं?

पत्र फोडलं, अर्धं समजलं, आणि ते घेऊन मी सँ-मालोच्या न्यायालयात गेलो. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी नाव टाइप केलं आणि म्हणाल्या, "तुमची फाइल इथे नाही, आणि येणारही नाही." माझा चेहरा पाहून त्यांनी माझ्याच पाकिटाच्या मागे दोन गोल काढले, एक लहान, एक मोठा, आणि मध्ये बाण.

फ्रेंच कायद्यात गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली दंडावर भागणाऱ्या गोष्टी, मधे 'देली', सगळ्यात वर 'क्रीम'. साधी चोरी ही देली. हत्यार दाखवून केलेली चोरी मात्र थेट क्रीम, शिक्षा वीस वर्षांपर्यंत. आणि क्रीमचा तपास कुठल्याही न्यायालयातला तपास न्यायाधीश करू शकत नाही. त्यासाठी 'पोल' लागतो, म्हणजे असे न्यायाधीश जिथे एकत्र बसवले आहेत ते न्यायालय. सँ-मालोला पोल नाही. तिथल्या सरकारी वकिलांनी तपासाची मागणी केली, पण ती रेनच्या न्यायाधीशांपुढे.

रात्री वेंगुर्ल्याला मामेभावाला फोन केला. तो तिथल्या कोर्टात कारकून. ऐकून म्हणाला, "अरे, म्हणजे सेशन्सला कमिट झाली म्हण की! वेंगुर्ल्याची केस ओरोसला जाते तशी." जवळजवळ तसंच, पण पूर्ण नाही. आपल्याकडे तपास पोलीस करतात, आरोपपत्र येतं, मग केस वरच्या कोर्टात जाते. इथे आरोप ठरायच्या आधी, तपासाच्या पहिल्याच पानाला फाइल गाव सोडते. पोलीस असतात, पण न्यायाधीशाच्या हुकमाने काम करतात.

न्यायालयांच्या हद्दींचा हा नकाशा जिल्ह्यांच्या नकाशाशी जुळेलच असंही नाही. माझ्याबरोबर काम करणारा एकजण दिनाँचा. दिनाँ दुसऱ्या जिल्ह्यात, पण तिथलं न्यायालय फेररचनेत बंद झालं आणि तो भाग सँ-मालोला जोडला गेला. प्रशासनाला एक गाव, न्यायाला दुसरं. हद्दीवरून दोन पोलीस ठाण्यांची तुंबळ पाहिलेल्या माणसाला हे नवीन नव्हतं. इथे निदान कुणी "आमच्याकडे नाही येत" म्हणून हाकललं नाही.

पोल आले कुठून, ते माझ्या वकीलबाईंनी सांगितलं. (इथे वकिलाला 'मेत्र' म्हणतात. मी पहिले दोन महिने त्यांना 'मादाम' म्हणत होतो, त्यांनी एकदाही टोकलं नाही.) उत्रो नावाच्या गावातलं बाल-अत्याचाराचं प्रकरण. बुलोन-स्यूर-मेरच्या एका तरुण न्यायाधीशाने एकट्याने तपास केला. सतरा जणांवर खटला चालला, त्यातले तेरा अखेर निर्दोष ठरले, शेवटचे सहा २००५च्या १ डिसेंबरला. तोवर काहींची वर्षं कोठडीत गेली होती, आणि एक आरोपी तर खटल्याआधीच कोठडीत मेला. त्यानंतर २००७चा कायदा आला आणि मार्च २००८पासून देशभरात ९१ पोल सुरू झाले. हेतू हा की न्यायाधीश एकटा पडू नये. खरं तर तीन जणांनी मिळून तपास करावा असं ठरलं होतं. ते इतक्या वेळा पुढे ढकललं गेलं की २०१६मध्ये ती तरतूदच काढून टाकली. आता गुंतागुंतीच्या प्रकरणात जोडीला दुसरा न्यायाधीश देतात. माझ्या प्रकरणात एकच होत्या. एवढं सगळं ऐकून रेनला गेलो आणि समोर पुन्हा एकट्याच न्यायाधीश!

पहिली सुनावणी २०२२च्या वसंतात. ट्रेनने तासभर. दुभाषा फुकट मिळतो, पण मराठीचा सापडला नव्हता, हिंदीवाले गृहस्थ आले होते. "गल्ला" हा शब्द त्यांनी ज्या फ्रेंच शब्दाने सांगितला, तो ऐकून न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं की मोठी तिजोरी होती का. शेवटी मीच मोडक्या फ्रेंचमध्ये ड्रॉवर उघडून दाखवल्यासारखं केलं. मी दिवाणी पक्षकार म्हणून, म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो म्हणून, सामील झालो होतो, त्यामुळे शपथ दिली नाही, ती साक्षीदारांना. सुनावणीच्या आधी वकिलाला फाइल बघायला मिळते, त्यामुळे मेत्रना माझ्याहून जास्त माहीत होतं, आणि त्याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

पुढे दोघांपैकी एकजण नाँतमध्ये पकडला गेला. पकडल्याच्या जागेवरूनही न्यायालयाला अधिकार मिळतो, हे ऐकून माझी झोप उडाली: आता नाँतला चकरा? मेत्र म्हणाल्या, तपास रेनला आधीच सुरू आहे, तो तिथेच राहील.

माझी एक चूक मात्र महागात पडली असती. पक्षकाराने फ्रान्समधला पत्ता लिहून द्यावा लागतो, आणि पत्रं त्याच पत्त्यावर जातात. मी हॉटेलने दिलेल्या खोलीचा पत्ता दिला, काम सोडलं, खोली सोडली, आणि कळवायचं विसरलो. क्रीमच्या तपासात दर सहा महिन्यांनी न्यायाधीश पक्षकाराला प्रगती कळवतात. ते पत्र आलंच नाही. पत्ता बदलल्याचं आपण सांगितलं नाही, तर "मला कळलं नाही" ही तक्रार चालत नाही. मेत्रनी विचारलं तेव्हा लाजेने मान खाली गेली. त्यांनी त्यांच्याच कार्यालयाचा पत्ता दिला. तसं करता येतं, हे मला माहीत असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं.

तपास संपल्याची नोटीस २०२३च्या उन्हाळ्यात मेत्रच्या कार्यालयात आली. मग खटल्यासाठी पाठवण्याचा आदेश. त्या वर्षीच्या जानेवारीपासून पंधरा ते वीस वर्षांच्या शिक्षेचे बहुतेक गुन्हे ज्यूरीपुढे नाही, पाच न्यायाधीशांपुढे चालतात. माझंही तिथेच. आईने फोनवर विचारलं, "आता तरी तुझ्या गावात होणार ना रे?"

"नाही गं. रेनलाच."

"मग पास काढून ठेव," ती म्हणाली.