पायाखालचा बर्फ: लेह ते इनारी

बर्फ पाहायचा म्हणून मी पहिल्यांदा लेहला गेले आणि तिथे बर्फच नव्हता. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. विमान उतरताना खालची शिखरे पांढरी दिसत होती, पण प्रत्यक्ष गावात उघडी तपकिरी जमीन, पाने झडलेले पॉप्लर आणि कुठेतरी भिंतीच्या सावलीत उरलेली मळकट बर्फाची पट्टी, एवढेच होते. थंडी मात्र अशी की उशाशी ठेवलेल्या बाटलीतले पाणी सकाळपर्यंत दगड झालेले असे. थंडी वाढली की बर्फ पडतो, असे सोपे समीकरण मनात धरून मी निघाले होते. ते पहिल्याच दिवशी मोडले.

लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे, पण ते हिमालयाच्या मुख्य रांगेच्या पाठीमागे पडते. ढग आपले बहुतेक बाष्प अलीकडच्या उतारांवरच रिते करतात आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्याजवळ फारसे काही उरत नाही. पाऊस आणि बर्फ मिळून तिथे वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाणी पडते. जो थोडा बर्फ पडतो, तोही वितळण्याची वाट पाहत नाही. माझ्या खोलीसमोरची हातभर लांबीची एक पट्टी मी तीन दिवस रोज पाहत होते. ती रोज लहान होत गेली, पण तिच्या कडेची माती एकदाही ओली झाली नाही. हवा इतकी कोरडी आणि ऊन इतके प्रखर की बर्फाची थेट वाफच होत होती. संप्लवन हा शब्द शाळेत कापराच्या वडीवर शिकले होते. त्याचा अर्थ मला त्या भिंतीच्या कडेला कळला.

एक दिवस झंस्कार नदीच्या काठी गेलो. गोठलेल्या नदीवर चालायला सुरुवात करताना वाटाड्या हातातली काठी पुढे आपटत होता आणि तिच्या आवाजावरून पाय कुठे टाकायचा ते ठरवत होता. भरीव, खणखणीत आवाज आला की पुढे जायचे, पोकळ आला की वळसा घ्यायचा. माझ्या डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच निळसर दिसत होत्या. बर्फ पाहण्यापेक्षा ऐकायचा असतो, हे त्या दिवशी लक्षात आले आणि पुढच्या सगळ्या प्रवासांत ती सवय जडली.

पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी गुलमर्गला गेले. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात. हिवाळ्याचा हा सर्वांत कडक भाग असतो आणि त्याच्या शेपटाला मी पोचले होते. इथे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ बाष्प घेऊन येतात आणि पीर पंजालच्या उतारांवर ते उतरवतात. दुपारी तंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या तेव्हा आभाळ नुसतेच करडे होते. रात्री केव्हातरी बर्फ सुरू झाला, आणि सकाळी दार उघडले तर बाहेर गुडघ्याच्या वर पोचणारा, कुठेही पाऊल न उमटलेला थर होता. फरच्या फांद्या खाली झुकलेल्या होत्या. मधूनच एखादी फांदी आपले ओझे टाकून वर उसळे आणि मऊ धप्प असा आवाज येई. एरवी सगळे शांत. ताज्या बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज शोषून घेतात, त्यामुळे दहा पावलांवर बोलणारा माणूसही भिंतीपलीकडून बोलल्यासारखा वाटत होता.

गुलमर्गची केबल कार दोन टप्प्यांत अफरवतच्या उतारावर जवळपास 4,000 मीटरपर्यंत जाते. हिमस्खलनाच्या धोक्यामुळे त्या दिवशी वरचा टप्पा बंद होता, म्हणून आम्ही पहिल्या टप्प्यापाशीच एका मार्गदर्शकाबरोबर थांबलो. त्याने फावड्याने छातीएवढा खोल खड्डा खणला आणि त्याची एक बाजू सरळ कापून आम्हाला थर दाखवले. वरचा थर रात्रीचा, हलका. त्याखाली वाऱ्याने दाबून घट्ट केलेला. सर्वांत तळाशी मात्र जाड्याभरड्या वाळूसारखे सुटे दाणे होते. मूठ उघडली की बोटांमधून गळून जाणारे. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असताना खालची जमीन त्यामानाने उबदार असते आणि वरची हवा अतिशय थंड, त्यामुळे थराच्या आतल्या आत वाफ वर चढते आणि तळच्या कणांचे टोकदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे बनतात. वर कितीही मजबूत थर साचला तरी तो या दाण्यांवर उभा असतो. मार्गदर्शकाने हाताने थोपटताच वरचा सगळा ठोकळा त्या दाण्यांवरून घसरत खड्ड्यात आला. तो काही बोलला नाही. फावडे उचलून आम्हाला घेऊन मागे वळला.

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या सापोरोचा बर्फ मला सर्वांत जास्त आवडला, हे आधीच सांगून टाकते. तो धोकादायक नाही असे नाही, पण त्याच्याबरोबर राहायचे कसे याचा इतका बारकाईने विचार केलेले दुसरे शहर मी पाहिलेले नाही. जवळपास वीस लाख वस्तीच्या या शहरात एका हिवाळ्यात एकूण पाचेक मीटर बर्फ पडतो. अक्षांश म्हणाल तर अवघा 43, उंचीही नगण्य. इथली करामत समुद्राची आहे. सैबेरियावरून येणारा वारा हाडे गोठवणारा पण कोरडा असतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो आणि त्याचे पाणी या वाऱ्यापेक्षा पुष्कळ उबदार असते. वारा ते बाष्प पीत पीत येतो आणि होक्काइदोच्या डोंगरांशी अडला की ओततो. जी थंडी लेहला कोरडी राहिली, तिला इथे वाटेत समुद्र भेटला, एवढाच काय तो फरक.

शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर उंच खांबांना टांगलेले, खाली टोक असलेले लाल-पांढरे बाण ओळीने दिसतात. मला आधी ते वळणाचे फलक वाटले. बर्फात रस्ता बुडाला की त्याची कड कुठे आहे हे ते बाण दाखवतात. वाहतुकीचे दिवे तिथे एकाखाली एक असतात, कारण आडव्या दिव्यांवर बर्फ साचून त्यांचे वजन वाढते. भुयारी रेल्वेची 1971 साली सुरू झालेली मार्गिका एका भागात जमिनीवर येते, तर तेवढ्या भागावर लांबच लांब छत घातलेले आहे. चौकाचौकांत वाळूच्या पेट्या ठेवलेल्या असतात. पाय घसरेल असे वाटले तर आतली वाळू कोणीही पुढ्यात टाकावी.

आणि तिथला कण! गुलमर्गला बर्फ झोळीझोळीने पडत होता, म्हणजे अनेक कण एकमेकांना बिलगून खाली येत होते. सापोरोच्या थंड, निवांत संध्याकाळी ते एकेकटे उतरत होते. मी काळा हातमोजा पुढे धरला आणि खिशातले भिंग लावले: सहा फांद्या, प्रत्येकीला पुन्हा बारीक उपफांद्या, आणि रांगोळीत साधणार नाही अशी रेघ. श्वास लागला की तो नाहीसा व्हायचा, म्हणून श्वास रोखून पाहायचे. अशा फांद्यांचे कण ढगातले तापमान उणे 15 अंशांच्या आसपास असेल आणि बाष्प भरपूर असेल तेव्हा घडतात. उणे 5 च्या जवळ सुया आणि स्तंभ तयार होतात. हे कोडे ज्यांनी उलगडले ते भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया इथल्याच विद्यापीठात होते. 12 मार्च 1936 रोजी त्यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमकण वाढवला. केसच का, तर कण टांगायला एक बारीकसा आधार हवा होता आणि बाकी धाग्यांवर नुसते दवासारखे बर्फ जमत होते. होक्काइदो विद्यापीठाच्या आवारात त्या जागी एक षटकोनी दगड आहे. मी गेले तेव्हा तो बर्फाखाली होता. मला ते अगदी योग्य वाटले. हाताने थोडा झाडून एक बाजू पाहिली आणि पुन्हा तसाच सोडला.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिथले माझे दोन दिवस मुख्यतः जमिनीकडे पाहण्यात गेले. 69 अंशांहून अधिक उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर असलेले हे शहर 34 अंशांवरच्या लेहपेक्षा हिवाळ्यात बरेच उबदार असते, कारण अटलांटिकमधून येणारा उष्ण प्रवाह त्याच्या किनाऱ्याला लागून जातो. बर्फ भरपूर असतो. 29 एप्रिल 1997 रोजी तिथे 240 सेंटिमीटर जाडीचा थर मोजला गेला होता. पण तापमान शून्याच्या आगेमागे खेळत राहते. फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी बर्फावर चक्क पाऊस पडला आणि रात्री सगळे गोठले. सकाळी रस्ता काचेसारखा होता. स्थानिक लोक बुटांच्या तळाला खिळ्यांचे पट्टे चढवून नेहमीच्या वेगाने चालत होते. माझे पट्टे पिशवीत होते आणि मी तिसऱ्याच पावलाला आडवी झाले. उजवे मनगट मुरगळले. त्यानंतरचे फोटो सगळे डाव्या हाताने काढलेले आणि तिरके आहेत.

तिथून फिनलंडमधल्या इनारीला पोचले तेव्हा तापमान उणे 31 होते. एवढ्या आकड्याची धास्ती घेऊन मी बसमधून उतरले, पण वारा अजिबात नव्हता, आणि वारा नसला की ही थंडी अंगावर धावून येत नाही, ती हळूहळू आत शिरते. पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ झाले. पापण्यांवर पांढरी किनार धरली. कॅमेऱ्याची भरलेली बॅटरी दहा मिनिटांत मान टाकायची आणि खिशाच्या उबेत ठेवली की पुन्हा जिवंत व्हायची. कॅमेरा घरात नेण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा लागतो, नाहीतर घरातले बाष्प त्याच्या गार भिंगावर जाऊन बसते. निरभ्र, स्थिर रात्री थंड जड हवा गोठलेल्या तळ्यावर साचून राहते; म्हणून शेजारच्या टेकडीवर चढून गेलो तेव्हा तिथे खालच्यापेक्षा आठ अंश जास्त ऊब होती. डोंगरावर गारठा वाढतो, ही माझी आणखी एक समजूत तिथेच संपली.

इथला बर्फ बोलतो. पाऊल टाकले की कोरड्या लाकडासारखा करकरतो, आणि थंडी जितकी कडक तितका आवाज बारीक आणि उंच होतो. शून्याच्या जवळ पायाच्या दाबाने कण एकमेकांवरून सरकतात, म्हणून ट्रॉम्सोचा बर्फ मुका होता. साधारण उणे 10 च्या खाली ते सरकत नाहीत, मोडतात, आणि मोडताना वाजतात. तिसऱ्या दिवशी ढग आले, पारा उणे 8 वर चढला आणि एका रात्रीत सगळी करकर बंद झाली. मला उगाच चुकल्यासारखे वाटले.

मराठीत या सगळ्याला आपण बर्फच म्हणतो. फार तर हिम म्हणतो. इनारीजवळ मी सामी या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या एका रेनडिअरपालकाबरोबर अर्धा दिवस होते. त्याच्या भाषेत मुओह्ता म्हणजे साधा बर्फ, पण त्याच्या कामाचे शब्द वेगळे. चुओह्की म्हणजे पावसाने किंवा वितळण्याने जमिनीलगत घट्ट झालेले बर्फाचे कवच. रेनडिअर वासाने बर्फाखालचे दगडफूल हुडकतात आणि खुराने खणतात. कवच धरले की खूर चालत नाही आणि कळप उपाशी राहतो. ट्रॉम्सोच्या पावसाने माझे मनगट घेतले होते. तसाच पाऊस इथे पडला तर काय होते, ते त्याने सांगितले.

मग त्याने फावड्याने एक खड्डा खणला. वरचा भुसभुशीत थर, मधला जरासा घट्ट, आणि तळाशी पोचताच फावड्याचा आवाज बदलला, सळसळ झाली. त्याने तळचे ओंजळभर दाणे माझ्या हातमोज्यावर ओतले. जाडेभरडे, सुटे, एकमेकांना न चिकटणारे. गुलमर्गच्या खड्ड्यात पाहिले होते तेच. सेआङाश, तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले: असा तळ असला की जनावराला खणायला सोपे जाते. दाणे माझ्या बोटांमधून गळून गेले. त्याने खड्डा पायाने बुजवला आणि पन्नास पावलांवर दुसरा खणायला तो पुढे निघाला.