दुखणे एका फायलीत, मन दुसऱ्या फायलीत

मी सातारा जिल्ह्यातला. मराठा लाइट इन्फन्ट्रीत चोवीस वर्षे नोकरी करून २०१४ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. सेवेत असताना काश्मीरमध्ये चौकीवर रसद घेऊन निघालेली आमची गाडी रस्ता खचल्याने दरीत कोसळली. दोन साथीदार जागीच गेले आणि मी वाचलो. कमरेचा मणका मोडला, डाव्या पायाची नस दबली आणि तेव्हापासून मांडीपासून टाचेपर्यंत आगीची रेघ ओढल्यासारखी वेदना कायमची सोबतीला आली.

मणक्याची दुखापत लष्कराच्या वैद्यकीय कागदपत्रांत नोंदवली गेली, पण रात्री दचकून उठणे, गाडीत बसल्यावर हातपाय गार पडणे आणि त्या दोघांचे आवाज ऐकू येणे यांची नोंद कुठेही नाही, कारण ते मी कुणाला सांगितलेच नाही. सैन्यात प्रकृतीची वर्गवारी ‘शेप’ (SHAPE) या शब्दातल्या पाच इंग्रजी अक्षरांत होते आणि त्यातले पहिले अक्षर मनाचे असते. त्या अक्षरापुढचा आकडा वाढला की बढती अडेल, हलके काम मिळेल, पलटणीतली मुले वेगळ्या नजरेने पाहतील, ही भीती आम्हा सगळ्यांना होती. मनाच्या अक्षरापुढे ‘एक’, म्हणजे निरोगी, हाच आकडा राहावा म्हणून मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

निवृत्तीनंतर उपचारांसाठी माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे, जिला आम्ही सगळे ईसीएचएस म्हणतो. ती २००३ साली सुरू झाली आणि तिच्यामुळे माझ्यासारख्या हजारो कुटुंबांवरचे कर्जाचे ओझे टळले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. आजार सेवेमुळे झाला हे इथे सिद्ध करावे लागत नाही. ही गोष्ट मला पाच वर्षे माहीत नव्हती. मनाच्या आजाराची नोंद नाही, म्हणजे त्यावर उपचार मागण्याचा हक्कही नाही, अशीच माझी समजूत होती. पत्नीने एक दिवस, ‘अहो, निदान विचारून तर या,’ म्हणून आग्रह धरला, तेव्हा कुठे मी ईसीएचएसच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये, तोंड उघडले.

तिथून पुढचा प्रवास दोन वाटांनी झाला. पाठीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे एक रेफरल, म्हणजे बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी, आणि झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे दुसरे रेफरल. दोन्ही रुग्णालये वेगळी, दोन्ही केस पेपर वेगळे. हाडांच्या डॉक्टरांनी नसांच्या वेदनेसाठी प्रीगॅबॅलिन आणि ट्रॅमाडॉल लिहून दिले, तर मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन सुरू केले. गोळ्या मात्र आमच्या पॉलिक्लिनिकमधूनच मिळायच्या, एका वेळी महिन्याभराच्या. पहाटेच्या एसटीने जायचे, टोकन घ्यायचे, डॉक्टरांची सही घ्यायची, मग औषधांच्या खिडकीवर रांग लावायची आणि दुपारी दोनच्या सुमारास ऐकायचे, ‘साहेब, ही गोळी एनए आहे.’ एनए म्हणजे उपलब्ध नाही. मग त्या शिक्क्यासह चिठ्ठी ठरलेल्या स्थानिक केमिस्टकडे जायची, त्याच्याकडून औषध येईपर्यंत दोन-चार दिवस जायचे, आणि तिथेही नसेल तर स्वतः विकत घेऊन मूळ बिल, चिठ्ठी, कार्डाची प्रत आणि बँकेचा तपशील जोडून पैसे परत मागायचे.

ट्रॅमाडॉलची अडचण आणखी वेगळी होती. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले आणि तालुक्यातल्या दुकानदारांनी नोंदवहीची कटकट नको म्हणून ते ठेवणेच बंद केले. गैरवापर रोखण्यासाठी नियम हवेत, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु शिक्क्याची चिठ्ठी हातात असलेल्या, काठी टेकत आलेल्या माणसाकडे दुकानदाराने संशयाने पाहावे आणि ‘कशाला लागते एवढी?’ असे चारचौघांत विचारावे, याचे दुःख कंबरेच्या दुखण्याहून जास्त होते. त्यानंतर दोन महिने मी गोळीशिवाय काढले. प्रीगॅबॅलिनही एकदा अकरा दिवस मिळाले नाही. हे औषध एकाएकी तुटले की झोप उडते, जीव कासावीस होतो आणि वेदना दुपटीने परतते, हे मी त्या अकरा रात्रींत शिकलो.

२०२४ च्या सुरुवातीला दोन्ही औषधे नियमित मिळू लागली आणि नेमका तेव्हाच सर्वांत मोठा घोटाळा झाला. एका रात्री दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, छातीत धडधड वाढली, अंगात ताप भरला. मला वाटले, मनाचाच आजार बळावला. पत्नीने १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक लावला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे मराठीतून चौकशी केली आणि सगळ्या गोळ्यांची नावे एकेक करून वाचायला सांगितली. ती ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ‘दादा, आता उशीर करू नका, जवळच्या रुग्णालयात जा आणि ही सगळी पाकिटे बरोबर न्या.’ तिथल्या रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी सांगितले की, ट्रॅमाडॉल आणि सर्ट्रालिन एकत्र घेतल्यास शरीरात सेरोटोनिन हे रसायन धोकादायक प्रमाणात वाढू शकते आणि माझी लक्षणे तशीच दिसत होती. एक औषध एका फायलीत होते, दुसरे दुसऱ्या फायलीत, आणि दोन्ही फायली शेजारी ठेवून पाहणारा माणूस इतक्या महिन्यांत कुणी भेटला नव्हता.

बरा झाल्यावर मी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला. त्यात रागाचा शब्द लिहिला नाही, फक्त तारखा लिहिल्या: कोणत्या दिवशी कोणती गोळी एनए होती, किती दिवस खंड पडला, आणि त्या रात्रीचा रुग्णालयाचा कागद. सोबत एकच मागणी केली की, वेदना आणि मन या दोन्हींचे उपचार एकाच रुग्णालयात व्हावेत. तीन आठवड्यांनी पुण्यातल्या लष्करी रुग्णालयाचे रेफरल मिळाले. शंभर किलोमीटरांहून लांबचा तो प्रवास पाठीला झेपत नाही, तरी मी आनंदाने केला. तिथल्या मानसोपचार विभागातल्या मेजर साहेबांनी माझ्यासमोरच भूलतज्ज्ञांच्या वेदना उपचार कक्षात फोन लावला. ट्रॅमाडॉल त्या रात्रीच बंद झाले होते. आता सर्ट्रालिनही हळूहळू कमी करून त्याजागी ड्युलोक्सेटिन आले, जे नसांच्या वेदनेवर आणि नैराश्यावर दोन्हींवर चालते. मग त्यांनी विचारले, ‘त्या गाडीत आणखी कोण होते?’ निवृत्तीनंतर दहा वर्षांनी हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी दोघांची नावे सांगितली आणि बराच वेळ रडलो. ते थांबून राहिले.

आता औषधांची यादी एकाच कागदावर आहे. महिना संपायच्या आठ दिवस आधी मी खिडकीवर जातो, एनएचा शिक्का असेल तर तारखेसह त्याच दिवशी घेतो आणि त्याची प्रत घरच्या फायलीत लावतो. ड्युलोक्सेटिन गेल्या सहा महिन्यांत दोनदा मिळाले नाही. दोन्ही वेळा ते मी स्वतः विकत घेतले. त्यातल्या एका बिलाचे पैसे परत आले, दुसऱ्याचे यायचे आहेत.