वेठीची सेवा

शुक्रवार, रात्री

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्या शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास बदलतो. कॅथलिक मुलं चॅपलमध्ये क्रुसाची वाट करायला जातात, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा स्थानांशी थांबत प्रार्थना करायला; बाकीची माझ्याकडे मूल्यशिक्षणाला. हे कागदावर. प्रत्यक्षात वसईतल्या शाळेत कोण कुठल्या रांगेत शिरलं हे कुणी फार बघत नाही. माझी निम्मी पोरं चॅपलच्या मागच्या बाकांवर जाऊन बसतात. मग मीही जाते. गणिताची बाई, घरी दरवर्षी सत्यनारायण, पण चौदाही स्थानं आता क्रमानं पाठ आहेत.

आज मधल्या सुट्टीत समाजसेवेच्या वह्यांवर सह्या करत होते. नववीतला एकजण समोर येऊन उभा राहिला. "टीचर, श्रेणी मिळते म्हणून आम्ही वृद्धाश्रमात जातो. मग ती सेवा कसली? ती तर हजेरी झाली."

खोडकरपणा नव्हता, खरंच अडलं होतं त्याचं. मला पटकन आठवला तो फ्रेडरिक ओझानाम. पॅरिसमधला विद्यार्थी. चर्चासत्रात विरोधकांनी टोचलं, की तुमचं चर्च आज गरिबांसाठी करतंय काय? त्यावर त्यानं आणि मित्रांनी मिळून 23 एप्रिल 1833 रोजी मंडळ काढलं. त्याच दिवशी त्याला वीस वर्षं पूर्ण झाली होती. आपल्या धर्मग्रामातली, म्हणजे पॅरिशमधली, संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी त्यातूनच आली. सगळं सांगितलं. पोरगा म्हणाला, "पण टीचर, त्याला कुणी पाठवलं नव्हतं ना?"

बरोबर होतं त्याचं. वसईचे संत गोन्सालो गार्सिया तर मी काढलेच नाहीत. 1597 साली नागासाकीला क्रुसावर मेले, 1862 साली संत झाले, हे या मुलांनी पहिलीपासून इतकं ऐकलंय की कानावरून जातं. शिवाय हौतात्म्याचं माप नववीच्या मुलाला फारच मोठं पडतं.

सिस्टरना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. पण शेवटच्या तासाला पाचव्या स्थानाशी थांबल्या. नेहमी तिथे दोन ओळी वाचून पुढे जातात. आज म्हणाल्या, हा कुरेनेकर शिमोन बघा. बिचारा शेतावरून येत होता. ना शिष्य, ना भक्त. शिपायांनी वेठीस धरलं आणि येशूचा क्रूस खांद्यावर दिला. त्याला कुणी विचारलं का, तुझी इच्छा आहे का? पण ओझं वाहिलं गेलंच ना? एवढंच बोलून सहाव्या स्थानाकडे वळल्या. पोरगा गुडघे टेकताना माझ्याकडे बघून भुवया उडवून गेला.

मला मात्र हे पूर्ण पटलेलं नाही. शिपायांची बाजू घेतल्यासारखं होतं. सक्ती करणारे आम्ही, आणि मोठेपण शिमोनचं! उपवासकाळात मटण सोडलं, मोबाइल सोडला याच्या याद्या फळ्यावर लावायची पद्धत काही शाळांत आहे, तीही मला आवडत नाही. आमच्याकडेही चातुर्मासात कोण काय सोडतंय याची चढाओढ असतेच म्हणा.

तरी वृद्धाश्रमातल्या गेल्या खेपेचं दृश्य डोळ्यांसमोर आहे. हाच मुलगा एका आजींच्या खाटेशी बसला होता. आजींनी उशाखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, आत नुसत्या सुया. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळ्यांत लांब लांब दोरा ओवून ठेव म्हणाल्या, म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. त्या कादोडीत, इथल्या बोलीत, बोलत होत्या, हा शाळेतल्या मराठीत उत्तरं देत होता. दोरा थुंकीनं ओला करायचा, सुई खिडकीकडे धरायची, पुन्हा चुकायचं. बाकीची मुलं भजन म्हणून, केळी वाटून, फोटो काढून व्हरांड्यात जमली, तरी हा डब्यातच. दोनदा हाक मारावी लागली. त्या वेळी श्रेणी त्याच्या डोक्यात असेल असं वाटत नाही. आणि सक्ती नसती तर तो त्या खाटेपर्यंत गेला असता, असंही वाटत नाही.

त्याची वही आत्ता पुढ्यात आहे. 'आज काय शिकलो' या रकान्यात एकच ओळ: दोऱ्याचं टोक तिरकं कापलं की सुईत लवकर जातं.

'अ' श्रेणी दिली आणि सही केली. किमान पाच ओळी हव्यात असा नियम आहे. सोमवारी सिस्टरशी त्यावरून वाद घालावा लागणार.