रात्र नेमकी कुणाची?

स्टुटगार्टजवळच्या या गावात येऊन मला सहा वर्षं झाली. आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. कारखाने जर्मनीत, मेक्सिकोत आणि आपल्या चाकणला. माझं काम बॅकअपचं, म्हणजे कंपनीच्या डेटाच्या प्रती काढून ठेवणं आणि वेळ पडली तर त्यांतून सगळं पुन्हा उभं करणं.

मी आले तेव्हा सगळी भिस्त डेटा साठवणाऱ्या चुंबकीय टेपवर होती. दर शुक्रवारी दुपारी आमचे एक ज्येष्ठ सहकारी टेपा करड्या रंगाच्या पेटीत भरायचे आणि चालत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून यायचे. टेप तळहातावर मावेल एवढी, वर त्यांच्या अक्षरात तारीख. पहिल्या हिवाळ्यात मीही त्यांच्यासोबत जायचे. थंडीतून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही, आधी तिला खोलीत निवू... नव्हे, उबू द्यायचं, नाहीतर आत दव धरतं, हे त्यांनीच शिकवलं.

गडबड वेळेची होती. बॅकअप रात्री 10 ते सकाळी 6 चालायचा, कारण रात्री कुणी काम करत नाही. पण हे फक्त इथलं खरं. इथे हिवाळ्यात पहाटेचे अडीच वाजतात तेव्हा चाकणला सात वाजलेले असतात आणि पहिली पाळी उभी राहते. इथे रात्रीचे दहा म्हणजे मेक्सिकोत भर दुपार. आमचा बॅकअप नेटवर्कची लाइन अडवून बसायचा आणि तिकडे ऑर्डरची स्क्रीन गोठायची. चाकणचे मेंटेनन्सप्रमुख फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमची रात्र आमच्या पाळीवर येते हो." नवीन व्यवस्थेची सुरुवात माझ्या लेखी त्या वाक्यापासून झाली.

आता पूर्ण प्रत एकदाच घेतो. पुढे दर तासाला फक्त बदललेला भाग उचलतो, त्यामुळे लाइनवर ताण येत नाही. पूर्वी संध्याकाळी पाचला सर्व्हर गेला असता तर अख्खा दिवस गेला असता. आता जास्तीत जास्त एक तास जाईल. शिवाय एक प्रत अशी, की ठरलेली मुदत संपेपर्यंत ती कुणालाच पुसता येत नाही, मलासुद्धा नाही.

ही शेवटची अट वरिष्ठांना पटवताना मी नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रोचं उदाहरण दिलं. मार्च 2019 मध्ये या अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर लॉकरगोगा नावाच्या रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला. सुमारे 40 देशांत 35,000 माणसं कामाला. कॉम्प्युटर नेटवर्कला जोडू नका, असे कागद दारांवर चिकटवले गेले, कित्येक ठिकाणी काम हाताने चालवावं लागलं. नुकसान 50 कोटी क्रोनरच्या वर गेलं. पण कंपनीने खंडणी दिली नाही, कारण बॅकअप शाबूत होते. आणि टोयोटाचं ऑगस्ट 2023 चं प्रकरण तर हल्ल्याचंही नव्हतं. देखभालीच्या कामात डिस्कची जागा कमी पडली, पर्यायी सर्व्हरही त्याच सिस्टिमवर असल्याने तोही बसला आणि जपानमधले 14 कारखाने थांबले. दुसरी प्रत पहिलीच्याच आधारावर उभी असेल तर ती दुसरी नव्हेच.

इथल्या आयटीवाल्यांत एक म्हण आहे, "काइन बॅकअप, काइन मिटलाइड". बॅकअप नाही, तर दयामायाही नाही. मला त्यात रिस्टोअरची, म्हणजे प्रतीतून सगळं परत उभं करण्याची, भर घालावीशी वाटते. प्रत आहे हे खरं, पण ती परत उभी राहते का, हे कुणी करून पाहिलं होतं?

म्हणून रिस्टोअरची रंगीत तालीम करायची ठरली, पण ती कुठे आणि कधी यावर बरीच चर्चा झाली. जर्मनीत रविवारी कामावर बोलवायचं तर कामगार प्रतिनिधींच्या मंडळाची संमती लागते. कुणीतरी खंडेनवमी सुचवली, चाकणची यंत्रं तेव्हा बंदच असतात म्हणून. तिकडून लगेच उत्तर आलं, त्या दिवशी यंत्राला फक्त हळदकुंकू आणि झेंडू, दुसरा हात लागायचा नाही. शेवटी गुरुवार ठरला. चाकणची साप्ताहिक सुट्टी, आणि आमचा कामाचा दिवस.

कागदावर चार तास होते, प्रत्यक्षात अकरा लागले. लॉगिन तपासणारा सर्व्हर आधी उठवायला हवा होता, आम्ही ऑर्डरचा उठवला आणि त्याने कुणालाच आत घेतलं नाही. दुपारी आणखी एक गोष्ट कळली. एका जुन्या ग्राइंडिंग मशीनचा कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर चालतो आणि आमच्या यादीत तो नव्हताच. त्याचा प्रोग्राम मेंटेनन्सप्रमुखांनी स्वतःहून पेनड्राइव्हवर काढून ठेवला होता. त्यांनी तो कॅमेऱ्यासमोर धरला. दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेला, वर रबरबँड, त्यात मशीनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. नऊ वर्षं ड्रॉवरमध्ये होता. मी कितीतरी वेळ बोललेच नाही. त्याच संध्याकाळी त्या मशीनच्या कॉम्प्युटरच्या डिस्कची प्रत घेतली, आणि दर तीन महिन्यांनी तिकडचा एक गुरुवार तालमीसाठी राखून ठेवला.

टेपही आम्ही सोडलेली नाही. वायरीला न जोडलेली प्रत कुठलाही हल्लेखोर गाठू शकत नाही, म्हणून एक संच अजून बँकेत जातो. ते सहकारी गेल्या वर्षी निवृत्त झाले. शुक्रवारी करडी पेटी घेऊन आता मी जाते, आणि तारखा हातानेच लिहिते.