शब्द पाठ करायचे का, मॅडम?

मी पुण्यात जर्मन शिकवते. नवी तुकडी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात कुणी ना कुणी विचारतं, "मॅडम, शब्द पाठ करायचे, की ऐकून-वाचून आपोआप येतात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. पाठ करायचे, पण आधी त्यांची वाक्यात गाठ पडू द्यायची.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वन, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीच्या, परीक्षेची यादी साधारण 650 शब्दांची आहे. एका मुलीनं ती अख्खी घोटली होती. तिला वर्गात मी स्टेशनवरची घोषणा ऐकवली, 'डेअर त्सूग फेअर्ट उम आख्ट उअर आप', म्हणजे गाडी आठ वाजता सुटते. 'आपफारेन' म्हणजे सुटणे, हे तिला पाठ होतं. पण वाक्यात या क्रियापदाचे दोन तुकडे होतात. 'फेअर्ट' आधी येतं, 'आप' पार शेवटी. 'फेअर्ट' ऐकताच तिनं 'जाते' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्या 'आप'साठी कान थांबवून ठेवायची सवय यादीतून लागत नाही. अशी वाक्यं पुन्हा पुन्हा कानावरून जावी लागतात.

मग यादी फेकून द्यायची का? मुळीच नाही. समजेल असं ऐकत-वाचत गेलं की भाषा येते, हे भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण समजायला हाताशी शब्द नकोत? गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे लागतात, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहसंशोधकाला 2000 साली आढळलं. पहिल्या महिन्यात एवढे शब्द कुठून आणणार?

म्हणून धड्याआधी मी पाच-सहाच शब्द फळ्यावर देते, ज्यांच्यावाचून अडेल तेवढेच. यादी धडा झाल्यावर मुलं स्वतः करतात, शब्दाशेजारी धड्यातलं वाक्य लिहून. लिंग मात्र घोकायलाच लावते. आपल्याला तीन लिंगांची सवय आहे, 'ते मूल' तसं 'दास किंट'. पण आपला सूर्य तो, त्यांची 'झोने' ती. आणि मुलगी चक्क 'दास मेटशेन', नपुंसकलिंगी!

परवा त्या मुलीची वही पाहिली. 'आपफारेन'समोरचा 'सुटणे' खोडून तिनं घोषणेतलं पूर्ण वाक्य लिहिलंय, आणि शेवटच्या 'आप'खाली दोन रेघा.