मंगलाष्टकाची चाल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागपूरला धरमपेठेत माझ्याकडे मराठी शिकायला येणारी मुलं, कधी त्यांचे पालकही, हेच विचारतात: मोरोपंतांकडून केशवसुतांकडे येताना कविता बदलली म्हणजे नेमकं काय बदललं?

गाइडात उत्तर तयार असतं: जुनी वृत्तं सुटली, कवी मोकळा झाला. मीही बरीच वर्षं तेच शिकवलं. मग एकदा केशवसुतांची ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुसता? आम्ही असू लाडके’ चालीवर म्हटली, तर मागून एक पोरगी म्हणते, “मॅडम, हे तर मंगलाष्टकासारखं वाटून राहिलं!” सगळे हसले. मी बोटांवर अक्षरं मोजली. ओळीत १९, बाराव्यावर थांबा. शार्दूलविक्रीडित, मंगलाष्टकाचंच जुनं वृत्त! पोरीचा कान पक्का होता बाप्पा.

म्हणजे वृत्त तिथंच आहे; बदलला तो बोलणारा. पंत (१७२९–१७९४) भारत-रामायण सांगायचे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, कसब आर्या वृत्ताच्या घडणीत, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. रामायणंच म्हणे १०८ लिहिली! ‘केकावली’त ते स्वतःचं गाऱ्हाणं मांडतात, पण देवापुढे. तुकोबांचा ‘मी’ही भांडतो तो विठ्ठलाशीच.

केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ घ्या. काळोखी रात्र, मनात खंत, आणि कुणाच्या तरी खिडकीतून सतार ऐकू येते. हा माणूस आधी चिडतो, खिडकीकडे मूठ उगारतो. मग हळूहळू त्याच सुरांनी निवतो. आख्यान नाही, राजा नाही. एका उदास माणसाची एक रात्र, बस. पंतांसारख्या पंडित कवींच्या काळात याला काव्याचा विषय कोण म्हणालं असतं?

इंग्लंडात वर्ड्सवर्थ-कोलरिजनी १७९८ मध्येच साध्या माणसांना त्यांच्या बोलीसकट कवितेत आणलं होतं. ते वारं इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आलं. सुनीत, म्हणजे सॉनेट, तेही तिकडचंच; ‘आम्ही कोण’ तसंच: चौदा ओळी त्यांच्या, शार्दूलविक्रीडित आपलं. ही सोयरीक मला फार आवडते. (नागपूरकर म्हणून जरा फुशारकी: शाळकरी वयात केशवसुत इथं होते, आणि कवी ना. वा. टिळकांशी त्यांची ओळख इथलीच.)

त्या पोरीचा परवा मेसेज आला, ताईच्या लग्नातून. “मॅडम, भटजी मंगलाष्टक म्हणून राहिले अन् माझ्या डोक्यात ‘आम्ही असू लाडके’ सुरू. अक्षता टाकायच्याच राहिल्या!”